चार बाटल्या, पाच पिल्लं

"पाय धर नुसते," मी आईला म्हणाले. "मान मोकळी सोड. मला तिथंच टोचायचंय."

"धरलेत," आई म्हणाली. "पण एवढंसं तर पोर आहे. सोसेल का त्याला सुई?"

"तुझ्यापेक्षा बरी सोसेल."

आई हसली. पंधरवड्यापूर्वी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यात थेंब घालतानासुद्धा ती सगळं घर डोक्यावर घेत होती. आता काळा चष्मा लावून ती ओट्यापाशी उभी होती. ओट्यावर जुनी सतरंजी, सतरंजीवर पिल्लू, आणि खाली सलाइनच्या रिकाम्या खोक्यात बाकीची चार एकमेकांच्या अंगावर चढत होती. मी पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली, खाली झालेल्या खळग्यात सुई सरकवली आणि दट्ट्या हळूच दाबला. पिल्लानं मान वळवून आईचा अंगठा चाटला.

"झालं?"

"झालं. दुसरं घे."

त्या रविवारी सकाळी अर्ध्या तासात मी पाच पिल्लांना लस टोचली. एकही केकाटलं नाही. हात माझा बरा होता. मी तेव्हा मिरजेत एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते, आणि जिथं शीर सापडत नाही तिथं मला बोलावत.

पिल्लं मिळाली होती त्या लॅबच्याच मागच्या बोळात. कुत्री टेम्पोखाली गेली आणि हे पाच जीव गटाराच्या कोरड्या पाइपात चुळबुळत राहिले. डोळे नुकतेच उघडले होते. मी त्यांना खोक्यात घालून घरी आणलं, तेव्हा आई फक्त एवढंच म्हणाली, "आणलंस तर आता नीट वाढव. अर्ध्यावर सोडू नकोस." आम्ही जैन. मुंगीसुद्धा बघून पाय टाकणारी आमची आई. ती नाही म्हणणार नव्हतीच.

लसीचं डॉक्टर वसगडेकरांनी सुचवलं. ते म्हशींचे डॉक्टर म्हणून प्रसिद्ध होते. कुत्री-मांजरं त्यांच्याकडे क्वचित जायची. जंताचं औषध त्यांनी पैसे न घेताच दिलं. मग म्हणाले, "दीड महिन्याची झाली की लस द्यायला हवी. टोचायला मी कशाला हवा? तुला सुई येते. बाटल्या मी खरेदीच्या भावात देतो." ओल्या टॉवेलची घडी घेऊन त्यांनी कातडी कशी उचलायची ते दाखवलं. आणि निघताना बजावलं, "एक बाटली, एक पिल्लू. घोड्याएवढा कुत्रा असला तरी एकच आणि उंदराएवढं पिल्लू असलं तरी एकच. कळलं?"

"कळलं, सर."

शनिवारी बाटल्या आणायला गेले. आईच्या ऑपरेशननंतरचा महिना. पर्समध्ये होतं तेवढ्यात चार बाटल्या येत होत्या. मी म्हणाले असते, पाचवीचं पुढच्या महिन्यात देते, तर ते हो म्हणाले असते, हे मला आज कळतं. तेव्हा तोंड उघडेना. आधीच औषध फुकट घेतलेलं, बाटल्या खरेदीच्या भावात. आणखी किती मागायचं? मी म्हणाले, "चारच द्या. एक पिल्लू काल शेजारच्यांनी नेलं."

त्यांनी बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये चार बाटल्या ठेवल्या, वर चार छापील कार्डं दिली.

घरी येऊन मी विचार केला. पिल्लू अर्ध्या-पाऊण किलोचं. घोड्याएवढ्या कुत्र्याला जे पुरतं त्यातलं थोडं कमी झालं तर या उंदराला काय फरक पडणार? लॅबमध्ये आम्ही दिवसभर थेंबाथेंबाची वाटणी करायचो. मी चारही बाटल्यांमधून पाचवा हिस्सा काढला आणि तो पाचव्या सिरिंजमध्ये एकत्र केला. पाचही सिरिंजा ओळीनं ठेवल्या तेव्हा पाचही अगदी एका रेषेत भरलेल्या होत्या. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही.

बाटलीवर एक स्टिकर असतं, ते सोलून कार्डावर लावतात. चार कार्डांवर चार स्टिकरं लागली. पाचवं कार्ड मी पुठ्ठा कापून घरी केलं, त्यावर तारीख घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, लस दिली.

पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं घरोघर गेली. पहिलं पाटोळ्यांनी नेलं. ते एसटीत कंडक्टर होते, लॅबच्या मागच्या गल्लीत राहायचे. त्यांची रेवती चौथीत होती. ती आठ दिवस रोज शाळेतून येताना आमच्या दारात उभी राहायची आणि एकदाही "मला द्या" म्हणाली नाही. शेवटी तिचे वडीलच आले. दुसरं एका किराणा दुकानदारांकडे गेलं, तिसरं आणि चौथं दोन शेजारी भावांकडे ब्राह्मणपुरीत. प्रत्येकाला मी कार्ड दिलं आणि सांगितलं, "लस झालीय. महिन्यानं दुसरा डोस द्या."

उरलं ते घरच्या पुठ्ठ्याचं. तेच सगळ्यांत बारकं होतं. ते लोंढे सिस्टरनी मागितलं.

रूथ लोंढे या निवृत्त नर्स. दर पंधरा दिवसांनी साखर तपासायला लॅबमध्ये यायच्या आणि माझ्याकडूनच रक्त काढून घ्यायच्या. काढताना माझ्या हाताकडे बघत राहायच्या आणि काही ना काही दुरुस्ती सांगायच्या. एकट्या राहत. त्या घरी आल्या, पिल्लाचे कान बघितले, हिरड्या बघितल्या, मग कार्ड हातात घेतलं.

"याला स्टिकर नाही."

"सुटून पडलं," मी म्हणाले. "कार्डही ओलं झालं म्हणून दुसरं केलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"बरं," म्हणाल्या, आणि पिल्लू पदराखाली घेऊन गेल्या.

त्यानंतर आठवड्याभरातच पाटोळ्यांचा लॅबवर फोन आला. पिल्लू उलट्या करतंय, मॅडम, आणि आता रक्तही पडतंय. मी सुट्टी टाकून धावले. पाटोळे पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टरांच्या दारात उभे होते. सोबत रेवती. शाळेच्या गणवेशातच.

डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "पार्व्हो आहे, पिल्लांना होणारा आतड्याचा संसर्ग. गावात सुरू झालाय." मग माझ्याकडे वळले. "लस दिली होतीस ना याला?"

पाटोळे माझ्याकडे बघत होते. रेवती माझ्याकडे बघत होती.

"दिली होती," मी म्हणाले.

"एका डोसानं पूर्ण संरक्षण येत नाही," डॉक्टर पाटोळ्यांना म्हणाले. "दुसरा व्हायच्या आत गाठलं तर होतं असं. तुमचा किंवा हिचा काही दोष नाही."

तीन दिवस मी लॅब सुटल्यावर दवाखान्यात जाऊन बसत होते. एवढ्याशा पायात शीर शोधून सलाइन लावायची, टेकू देऊन पाय धरून ठेवायचा. डॉक्टर येता-जाता म्हणायचे, "हात चांगला आहे तुझा." रेवतीही यायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. पिल्लाला हात लावत नव्हती. मी एकदा म्हणाले, "ये, डोकं चोळ त्याचं, त्याला बरं वाटेल." तिनं नकारार्थी मान हलवली आणि हात पाठीमागे घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि टेबलही.

पाटोळे बाहेर सायकलपाशी उभे होते. म्हणाले, "तुम्ही फार केलंत, मॅडम. आपल्या माणसासाठी करत नाही कोणी एवढं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये.

त्या दिवशी दुपारी लोंढे सिस्टर लॅबमध्ये आल्या. मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातावर माझी सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी सुई खाली ठेव."

मी ठेवली.

"पाटोळ्यांचं पिल्लू गेलं ना? मला कळलं. तुला काही बोलायचंय का?"

मग मी सगळं सांगितलं. चार बाटल्या, पाच सिरिंजा, एका रेषेत. सांगताना मला वाटत होतं, त्या मध्येच थांबवतील, म्हणतील, असू दे, तुझा हेतू चांगला होता. त्यांनी थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"स्टिकर असं सुटत नाही, पद्मजा," त्या म्हणाल्या. "सोलताना नखं लागतात. मला त्याच दिवशी कळलं होतं की यात काहीतरी गडबड आहे. मला वाटलं याला लस दिलीच नाहीस. मी दुसऱ्या दिवशी सांगलीला नेऊन पूर्ण डोस देऊन आणला."

"सांगलीला? वसगडेकर सर तर इथंच..."

"त्यांच्याकडे नेलं असतं तर तुझं नाव निघालं असतं."

मी म्हणाले, "तुम्ही तेव्हाच मला का नाही विचारलंत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. ती माझी चूक झाली. मला वाटलं होतं एकाचाच प्रश्न आहे. तू सगळ्यांचंच कमी केलं असशील हे माझ्या डोक्यात आलं नाही, नाहीतर वाट बघितली नसती." त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला. "आता तीन पिल्लं तीन घरांत आहेत आणि त्या लोकांना वाटतंय ती सुरक्षित आहेत. गल्लीत सोडत असतील. हो ना?"

"हो."

"मग माझी साखर उद्या बघ."

मी तडक वसगडेकरांकडे गेले. ते एका म्हशीचा कान तपासत होते. म्हशीचा मालक शेजारीच उभा होता, पण आता थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे मला ठाऊक होतं. मी तिथंच सांगितलं. त्यांनी कान सोडला नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "पाचवी मागितली का नाहीस?"

"लाज वाटली."

"हं." त्यांनी हात धुतले, आत जाऊन तीन बाटल्या आणल्या, थर्मासमध्ये बर्फ भरला. "कमी डोस म्हणजे थोडं कमी संरक्षण, असं नसतं. कधी काहीच येत नाही. म्हणजे तू पाचांना वाचवायला गेलीस आणि पाचही उघडी ठेवलीस. हे लक्षात ठेव. पैसे होतील तेव्हा दे."

मी थर्मास घेतला. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पाटोळ्यांकडे जाणार आहेस?"

"जायला हवं ना?"

"माझं ऐकशील तर जाऊ नकोस. त्यांचं पिल्लू पूर्ण डोस मिळूनही गेलं असतं, असं होऊ शकतं. कुणालाच सांगता येणार नाही. मग त्या माणसाला आणखी एक काटा कशाला टोचायचा? बाकी तिघांचं बघ आणि सोडून दे."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर ते पटणं माझ्या सोयीचंच होतं.

ब्राह्मणपुरीतल्या दोघा भावांनी ऐकून घेतलं. धाकटा म्हणाला, "आलात ते बरं केलंत," आणि पिल्लू धरायला पुढं झाला. किराणावाल्यांच्या बाईंनी मात्र दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मला उभं केलं. "लेकरंबाळं आहेत आमच्या घरात. तुमच्यावर विश्वास ठेवून घेतलं ते पिल्लू. आणि तुम्ही आता येऊन सांगताय?" त्यांनी पिल्लू माझ्या हातात दिलं, त्याच्या उरलेल्या बिस्किटांचा पुडाही दिला आणि पाठ फिरवली. त्या काही खोटं बोलत नव्हत्या. मी पिल्लू घेऊन घरी आले. आईनं सगळं ऐकलं, काळा चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "मला का नाही सांगितलंस त्या दिवशी? मी पाय धरले होते ना त्यांचे?" त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून त्याला पूर्ण बाटली टोचली. ते पुढं आमच्याकडेच राहिलं, अकरा वर्षं.

पाटोळ्यांकडे मी गेले नाही. एक दिवस गेला, दोन गेले. लॅबच्या मागच्या बोळातून जायचं मी टाळायला लागले. डॉक्टरांचं म्हणणं रोज स्वतःला ऐकवत होते आणि रोज ते जरा कमी पटत होतं. पाटोळे मला रस्त्यात भेटले असते तर नमस्कार करून पुन्हा म्हणाले असते, तुम्ही फार केलंत. ते मला ऐकायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी गेले. पाटोळे सकाळची पाळी करून नुकतेच आले होते. खाकी कपडे अजून अंगावरच होते.

"या मॅडम, बसा."

"आधी ऐका," मी म्हणाले. "मग बसायला सांगा."

मी उभ्यानंच सांगितलं. डॉक्टरांसमोर मी 'दिली होती' म्हणाले ते अर्धं खरं होतं, हेही सांगितलं. आतल्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

पाटोळ्यांनी फरशीकडे बघतच विचारलं,

"म्हणजे पूर्ण दिली असती तर जगलं असतं?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतात कदाचित तरीही गेलं असतं. कदाचित नसतंही गेलं. ते कुणालाच कळणार नाही."

"मग सांगायला कशाला आलात?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मला माहीत नसतं तर काय बिघडलं असतं? मी तुमचं नाव चांगलंच घेत होतो."

"म्हणूनच," मी म्हणाले.

त्यांनी एक सुस्कारा सोडला. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "पोरगी जेवत नाही नीट. शाळेतून आली की अंथरुणात शिरते. आम्हाला वाटलं, पिल्लाचं दुःख आहे, जाईल चार दिवसांत. परवा रात्री आईजवळ बोलली." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला अंघोळ घातली होती. गार पाण्यानं, कुणाला न विचारता. तिला वाटतंय ते त्यानंच मेलं. आम्ही दोघांनी सांगून बघितलं की तसं नाही. आम्ही काय डॉक्टर आहोत? तिला वाटतं आम्ही तिची समजूत काढतोय."

त्यांनी हाक मारली. "रेवा, बाहेर ये."

ती आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हात पाठीमागे.

"मॅडम काय सांगतात ते ऐक," पाटोळे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "सांगा. मला सांगितलंत तसंच सांगा. काही वगळू नका."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, कितव्यांदा कोण जाणे, ती चार बाटल्यांची गोष्ट सांगितली. या वेळी ती सगळ्यांत अवघड होती, कारण समोरचं माणूस नऊ वर्षांचं होतं आणि प्रत्येक शब्द तपासून घेत होतं.

"म्हणजे पाण्यानं नाही झालं?"

"नाही. पाण्यानं सर्दी होते, फार तर. हा आजार जंतूंनी होतो. आणि त्या जंतूंपासून वाचवायचं औषध मी त्याला कमी दिलं. तुझ्या हातून काही चुकलं नाही. चुकलं ते माझ्या हातून."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तिनं हात पुढं घेतले. तळवे बघितले, दोन्ही, जणू ते धुऊन झालेत का ते बघत असावी.

"मग तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. तिला ते कळलं होतं, मोठ्यांपेक्षा नीट कळलं होतं.

"मलाही वाटली होती," ती म्हणाली. आणि मग माझ्या शेजारी जमिनीवर बसून रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती, असं नंतर तिच्या आईनं सांगितलं.

पाटोळे उठले. मला वाटलं, ते दाराकडे बोट दाखवतील, आणि मी निघायच्या तयारीनं गुडघ्यावर हात टेकला. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, आत डोकावून बायकोला दोन शब्द सांगितले आणि परत येऊन आमच्यासमोर खालीच मांडी घालून बसले. आतून पुन्हा भांड्यांचा आवाज यायला लागला.